कान मला द्या

"शैले, बारशाला सकाळीच निघ बरं का. तुझ्याशिवाय पोरीच्या कानात नाव सांगणार कोण?"

सासूबाई फोन खांद्यात धरून बोलत होत्या आणि हातांनी माझ्यासाठी डिंकाचे लाडू वळत होत्या. मी आतल्या खोलीत बाजेवर. खाली शेगडी, कानाला घट्ट बांधलेला रुमाल, कुशीत आठवड्याचं बाळ. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच महिन्यात ठरल्यामुळे बाळंतपण बार्शीला सासरीच झालं होतं. बाळंतिणीला दुसरं काम नसतं, म्हणून घरातला शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

पलीकडून, लातूरहून, शैलाताई काहीतरी म्हणाल्या असाव्यात. तेवढ्यात आमच्याच स्वयंपाकघरातून, बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "मी."

"काय गं?" सासूबाई.

जरा वेळ गेला. एक लाडू वळून झाला असेल. मग तोच आवाज, "मी आत्या आहे. नाव मी सांगणार."

"बटण चुकलं वाटतं तिचं," सासूबाई फोनमध्ये म्हणाल्या. "हां शैले, तू बोल."

"बटण चुकलेलं नाही," बातम्यांतली बाई म्हणाली.

ही बातम्यांतली बाई म्हणजे ज्योत्स्नाताई. माझ्या नवऱ्याची, निरंजनची थोरली बहीण. जन्मताना श्वास कोंडला आणि तेव्हापासून हातपाय आणि जीभ त्यांचं ऐकत नाहीत. डोकं मात्र गरजेपेक्षा जास्त चालतं, असं सासूबाईंचं मत. टॅब येईपर्यंत ताईंचं बोलणं म्हणजे डोळे वर केले की हो, खाली केले की नाही. उरलेलं घरातल्यांनी ओळखायचं. तोंडानं त्यांना एकच शब्द यायचा, आई. बाकी माणसांना बोलवायला खुर्चीच्या फळीवर थाप. निरंजनला दोन थापा, मला एक. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं की या घरात मला काहीतरी लाडाचं नाव मिळेल. मला थाप मिळाली.

मग निरंजननं टॅब आणला. तो चाकाच्या खुर्चीला एका वाकड्या दांड्यानं लावलेला असतो. त्याच्या काचेवर भोकाभोकांची प्लास्टिकची जाळी, म्हणजे बोट घसरलं तरी एकाच अक्षरावर पडावं. डाव्या हाताच्या मधल्या बोटानं ताई एकेक अक्षर दाबतात आणि वाक्य पुरं झालं की टॅबमधली बाई ते बोलून दाखवते. या टॅबला सासूबाई तोंड म्हणतात. "जोत्स्नाचं तोंड पुसून ठेव." "जोत्स्नाचं तोंड कुठाय, पाहुणे आलेत." दुपारी जेवणं झाली की तोंड चार्जिंगला लागायचं. प्लग फ्रिजमागे, वायर आखूड, म्हणून तोंड फ्रिजवर.

तोंड आल्यानं घरात एक नवीनच अडचण झाली. ताई बोलायला लागल्या. एकदा एक लांबचे काका आपल्या मुतखड्याची हकिकत तिसऱ्यांदा सांगत होते, तेव्हा टॅब म्हणाला, "काका, चहा झाला. आता निघा." सासूबाई पटकन म्हणाल्या, "चुकून लागतं हो बटण तिचं." काकांना पटलं. तेव्हापासून ते चालूच राहिलं. ताई गोड बोलल्या तर त्या बोलल्या, खरं बोलल्या तर बटण चुकलं. शेवटी ताईंनी निरंजनला बसवून टॅबच्या वरच्या कोपऱ्यात एक तांबडं बटण करून घेतलं. ते दाबलं की अख्खं वाक्य यायचं, बटण चुकलेलं नाही. त्या बटणावरची जाळी सगळ्यांत आधी झिजली.

फोन ठेवल्यावर सासूबाई खोलीत आल्या. लाडवाची ताटली माझ्यासमोर ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "वैजू, तूच समजाव बाई तिला. तुझं ऐकती."

"मी काय समजावू?"

"हात झटकतो गं तिचा. इवलासा जीव. लागलं म्हणजे? आणि चार बायकांत तिचंच हसं व्हायचं."

भीती खोटी नव्हती. ताईंचा हात मनात नसताना उडतो. एकदा निरंजनचा चष्मा गेला होता. आणि माझ्या मनात आणखी एक होतं, ते मी बोलले नाही. मला नाव नीट सांगितलं जायला हवं होतं. स्पष्ट.

श्रावस्ती. हे नाव मी बी.ए.ला असल्यापासून जपून ठेवलेलं. इतिहासाच्या पुस्तकात एका जुन्या नगराचं म्हणून आलं होतं, आणि मुलगी झाली तर हेच, असं मी तिथेच पेन्सिलीनं समासात लिहिलं होतं. नवरा कोण हे ठरायच्या आधी हे ठरलं होतं. निरंजनला आवडलं. सासूबाईंनी चारदा म्हणून बघितलं आणि सांगितलं, "दात आहेत तोवर म्हणता येईल मला." हा होकार समजून आम्ही पेढ्यांच्या बॉक्ससाठी स्टिकर छापायला दिले.

त्याच दिवसांत दुपारी एक आवाज यायला लागला. शेजारच्या खोलीतून, ताईंच्या. "ऊऽऽ... ऊऽऽम्..." घसा ओढून, मध्ये थांबून, पुन्हा. बाळ झोपलेलं, घर निजलेलं, आणि भिंतीपलीकडे हे. मी सासूबाईंना हाक मारली.

त्या उठून गेल्या. "काय होतंय गं? पोटात दुखायलंय का?"

दार उघडं होतं, मला बाजेवरून ताईंचा चेहरा दिसत होता. ताईंनी आईकडे बघितलं. क्षणभर थांबल्या आणि डोळे वर केले. हो.

सासूबाईंनी चमचाभर ओव्याचा अर्क पाजला. ताईंनी तो सगळा गिळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज, पुन्हा अर्क. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. "थंडीचं पोट धरतं तिचं," सासूबाई म्हणाल्या आणि बाटली ताईंच्या उशाशीच ठेवली.

शैलाताई बारशाच्या आदल्या दिवशीच आल्या. निरंजनची चुलत बहीण, घसा असा की कानात सांगितलेलं गल्लीच्या तोंडापर्यंत जावं. खानदानातल्या सगळ्या पोरांची नावं त्यांनीच सांगितलेली, आणि त्याबद्दलचे बुक्केही त्यांनीच खाल्लेले. आत्यानं कानात नाव सांगितलं की बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. आमच्याकडे ते जरा मनापासूनच घालतात. "माझ्या पाठीचा पार चौरंग झालाय," असं म्हणत शैलाताई आल्या आल्या ताईंच्या खोलीत गेल्या आणि आम्हा सगळ्यांना तिथे बोलावून घेतलं. मी बाळासकट दारात खुर्ची टाकून बसले.

"हे बघ जोत्स्ने," शैलाताई म्हणाल्या, "तू माझ्या शेजारी बस. सांगते मी, पण आत्या दोघी. काय?"

ताईंचं बोट हललं. "बाळ," टॅब म्हणाला.

"बाळ गोड आहे, होय ना?"

"बाळ तुम्ही."

"बाळ आमच्यावर गेलंय? अगं हो, नाक बघ की."

मी शैलाताईंना दोष देत नाही. ताईंच्या दोन शब्दांमध्ये एक फोडणी होऊन जाते, आणि त्या रिकाम्या जागेत कुणालाही काहीतरी भरावंसं वाटतं. निरंजन म्हणाला, "ताई, टॅब कानाशी नेला तर ती दचकेल गं. आवाज मोठा आहे त्याचा." सासूबाई म्हणाल्या, "आणि तो हात." ताई ऐकत होत्या आणि दाबत होत्या. घामानं त्यांचे केस कपाळाला चिकटले होते.

"बाळ तुम्ही धरा," टॅब म्हणाला. "कान मला द्या."

मी म्हणाले, "बाळ मी धरते."

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की लाडू परत मागतात की काय.

मग सगळ्यांनी मिळून असं ठरवलं की बाळ मी धरायचं. निरंजन टॅबवर 'श्रावस्ती' असं एक तयार बटण करून देणार, तेवढ्या बटणाचा आवाज अगदी बारीक. ताईंनी फक्त ते दाबायचं. दाबलं की निरंजननं भिंतीवरची ओढणी ओढायची, मागे थर्मोकोलची अक्षरं, आणि शैलाताईंनी ते नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणायचं. म्हणजे परंपरा राहिली, ताईंचा मान राहिला आणि नावही नीट पोचलं.

"चालेल," टॅब म्हणाला.

ताई इतक्या लवकर कधी कशाला 'चालेल' म्हणत नाहीत. तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

बारशाला पुढची खोली बायकांनी भरली. पाळण्याला झेंडूच्या माळा, कोपऱ्यात घुगऱ्यांचं पातेलं. रीतीप्रमाणे आधी वरवंट्याला आंघोळ घालून, कुंची घालून, गंध लावून पाळण्यात निजवलं. त्याला झोके देऊन झाल्यावर बाळाची पाळी. दोघी पाळण्याच्या अलीकडे, दोघी पलीकडे, एकदा वरून दिली, एकदा खालून घेतली, नाहीनाही ती नावं घेतली, आणि बाळ माझ्या हातात आलं.

मी ताईंच्या खुर्चीसमोर पाटावर गुडघे टेकून बसले. ताईंनी नारळी काठाची हिरवी साडी नेसली होती. सासूबाईंनी पहाटे उठून नेसवली होती, पदराला जागोजागी पिना. खोली गप्प झाली. अशी गप्प की ती चांगल्या अर्थानं गप्प नाही हे कळावं. ज्या बायका एरवी आत्याला चिडवून बेजार करतात त्या हाताची घडी घालून, मान एका बाजूला कलवून उभ्या होत्या.

ताईंचं बोट टॅबवर गेलं. तयार बटणावर नाही.

"शैला, माझे हात धर."

"अगं मग बटण कोण दाबणार?" निरंजन.

शैलाताईंनी मागून येऊन त्यांची दोन्ही मनगटं मांडीवर दाबून धरली. मी बाळाचा कान वर केला. ताई वाकायला लागल्या. त्यांच्या मानेला वाकायचं म्हणजे आधी उलटीकडे जावं लागतं. ती गेली, परत आली. तोंड वेडंवाकडं झालं. त्यांच्या ओठांतून लाळेचा एक थेंब बाळाच्या गालावर पडला. बाळानं गाल हलवला आणि झोप चालू ठेवली.

"ऊऽऽ," ताई म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या आवाजात. तो आवाज खोल आहे, जरा घोगरा. थांबल्या. श्वास घेतला. ओठ एकमेकांवर आणले, आणि ते उघडायची मी वाट बघत राहिले.

"मा."

हे मी ऐकलं, कारण माझं डोकं त्यांच्या डोक्याला टेकलं होतं. बाकीच्यांना नुसता श्वास ऐकू गेला असेल. ताई मागे झाल्या तेव्हा निरंजनला वाटलं झालं. त्यानं ओढणी ओढली. शैलाताईंनी पोटातून आवाज काढला, "श्राऽवस्ती!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी आपला हात सोडवून घेतला. टाळ्या थांबायला आणि त्यांचं दाबून व्हायला एकच गाठ पडली.

"उमा," बातम्यांतली बाई म्हणाली.

सगळ्यांनी टॅबकडे बघितलं, मग भिंतीकडे. भिंतीवर श्रावस्ती होतं, चमकी लावलेलं.

"बटण चुकलं," सासूबाई म्हणाल्या.

ताईंनी तांबडं बटण दाबलं. "बटण चुकलेलं नाही."

"नाही चुकलं, आई," मी म्हणाले. "तोंडानंही तेच म्हणाल्या. मी ऐकलं."

"तोंडानं? तिच्या?"

"हो."

ताई दाबायला लागल्या. शैलाताईंनी वाक्य पुरं करायला तोंड उघडलं, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या हातात घुगऱ्यांची वाटी दिली. खोलीत नुसती जाळीवर बोट आपटल्याची टकटक. बार्शीतल्या इतक्या बायका इतका वेळ गप्प बसलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या आणि नंतरही पाहिल्या नाहीत.

"टॅब चार्जिंगला असतो. पोरगी रांगेल. दाराबाहेर जाईल. मला हाक मारता आली पाहिजे. श्रावस्ती येत नाही. उमा येतं."

सासूबाई पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या. "म्हणजे ते दुपारचं," त्या म्हणाल्या. "ऊ ऊ चाललेलं."

"सराव."

"आणि मी तुला ओवा पाजायले!"

"हो."

"सांगायचं नाही होय गं?"

"तोंड फ्रिजवर होतं."

निरंजननं घसा खाकरला. तो माणूस भांडण मिटवण्यातला आहे. "सोपं आहे की. घरात उमा म्हणू, कागदावर श्रावस्ती राहील. दोन्ही झालं." बायकांनी सुटकेनं माना हलवल्या. माझीही हलली. पुष्कळांची असतात दोन दोन नावं.

ताईंनी सावकाश दाबलं. कुणाकडे बघत नव्हत्या.

"माझंही कागदावर ज्योत्स्ना आहे."

बायकांना ते कळलं नसावं. मी मनातल्या मनात ते नाव म्हणून बघितलं. ज्योत्स्ना. जीभ वर जाते, दातांना टेकते, घसरते, पुन्हा टेकते. पस्तिशी उलटलेल्या बाईचं नाव, चांगलं, चांदण्याचं. आणि ते तिनं स्वतः एकदाही घेतलेलं नाही. शाळेत हजेरीला दुसऱ्या कुणीतरी 'आहे' म्हणायचं, असं निरंजननं मला कधीतरी सांगितलं होतं. तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं होतं.

मला राग आलेला होताच. तो कुठे गेला नव्हता. भिंतीवरचा 'श्रा' तर इतका सुरेख कापला होता. पण मांडीवरच्या पोरीच्या गालावर तो थेंब अजून ओला होता, आणि मला तो पुसावासा वाटेना.

"कागदावरही उमाच," मी म्हणाले.

"अगं पण पेढ्यांचे बॉक्स," निरंजन म्हणाला. "आणि ही एवढी अक्षरं? श्रावस्तीचं काय करायचं आता?"

टकटक झाली.

"वरवंट्याला द्या," टॅब म्हणाला. "त्याचंही बारसं झालंय."

आधी शैलाताई हसल्या. त्यांच्या तोंडात घुगऱ्या होत्या, त्या अर्ध्या बाहेर आल्या. मग कोपऱ्यातल्या दोघी, मग सगळ्याच. सासूबाई पदर तोंडाला लावून वरवंट्याकडे बघत होत्या. तो बाजूला पाटावर कुंची घालून पडला होता, गंध लावलेला, अगदी श्रावस्तीसारखा.

हसणं ओसरलं तशा बायका घुगऱ्यांकडे वळल्या. झालं असं सगळ्यांनी धरलं. तेवढ्यात टॅब पुन्हा बोलला.

"बुक्के राहिले."

कुणी पुढे होईना. "असू दे गं," एक म्हणाली. "हिला कसं मारायचं बाई," दुसरी हळूच म्हणाली. तिला वाटलं ऐकू जाणार नाही. सासूबाई पुढे झाल्या आणि ताईंच्या खांद्यावर दोन बोटं अशी टेकवली जशी धूळ झटकतात.

ताईंनी मान वळवून आईकडे बघितलं. मग दाबलं.

"शैलाला जोरात मारता."

मी उमाला सासूबाईंच्या हातात दिलं. उठले, टाके ओढले गेले ते दाताखाली धरलं आणि खुर्चीच्या मागे गेले. आणि मारला. चांगला मूठ वळून, पाठीच्या मधोमध. त्या बुक्क्यात माझी बी.ए.ची तीन वर्षं होती. खुर्ची वाजली, टॅबचा दांडा हलला. ताईंचं डोकं मागे गेलं आणि त्या हसल्या. ताईंच्या हसण्याला टॅब लागत नाही; ते मोठं, चिरकं, नळाला हवा धरल्यासारखं येतं, आणि एकदा सुरू झालं की त्यांनाच आवरत नाही.

मग शैलाताईंनी पदर खोचला. "सरक वैजू," त्या म्हणाल्या, "माझी सगळी उसनवारी फेडून घेते." त्यांच्यामागे बाकीच्या. रांग लागली. सासूबाई ओरडत होत्या, "अगं हळू, पिना लावल्यात, पिना!" आणि कुणी ऐकत नव्हतं.

पेढ्यांचे बॉक्स तसेच वाटले. कितीतरी महिने लोक मला रस्त्यात थांबवून श्रावस्ती कशी आहे विचारायचे. मी बरी आहे सांगायची.

उमा आता नऊ वर्षांची आहे. टॅब नवा आहे, वायर लांब आहे, तरी तो दुपारी फ्रिजवरच जातो, सवयीनं. दुपारची मला जरा सवड असते. मी हाक मारली तर अंगणातून "आले" असा आवाज येतो, पोरगी येत नाही. मग आतल्या खोलीतून ऊऽऽ येतं, मध्ये श्वास, मग मा; आणि तो मा पुरा व्हायच्या आत दारात चपला वाजतात.

"काय गं आत्या?"

आत्याला काही नको असतं बऱ्याचदा. नुसतं बघायचं असतं.

सासूबाईंचे पुढचे दात गेले, पण मिक्सरची चटणी त्यांना अजून चालत नाही. "आलीच आहेस तर," त्या पाट्यावर शेंगदाणे पसरत म्हणतात, "तेवढी श्रावस्ती आण गं."

नाव त्या अजून नीट घेतात. आणि उमा न्हाणीशेजारच्या कोनाड्यातून वरवंटा काढते, जड असतो म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरते आणि बाळ आणल्यासारखी हळूहळू चालत येते.